उलटे सारस

नामांकित नट मिनासे रांजिरो अंथरुणाला खिळला, तसा एदो शहरातल्या चित्रं छापून विकणाऱ्यांना त्याचा कळवळा नुसता उतू जाऊ लागला. एक जण देवळात नवस बोलला, दुसऱ्याने काढ्याची पुडी धाडली, तिसरा रोज सकाळी त्याच्या दारावरून उगाच चक्कर मारून येऊ लागला. खरं काय ते सगळ्यांनाच माहीत होतं. मोठा नट गेला की त्याचं मरणचित्र निघतं. फिकट निळा पोशाख, हातात जपमाळ, चेहऱ्यावर कुठल्याच भूमिकेचा रंग नाही. ते घ्यायला बायकांची झुंबड उडते. पण झुंबड उडते ती पहिल्या चित्रावर. दुसरं कुणी फुकट दिलं तरी घेत नाही, कारण एका माणसासाठी लोक एकदाच रडतात.

हे मोमिजी-या दुकानाच्या सोहेईशेठना चांगलंच ठाऊक होतं. मागे एक नट गेला तेव्हा त्यांचं चित्र दुसऱ्याच्या मागून बाजारात आलं आणि त्या हिवाळ्यात गल्लीत कुणीही भाजकं रताळं घेतलं, की ते जपमाळ धरलेल्या उदास नटात गुंडाळून मिळायचं. सोहेईशेठनी तेव्हापासून रताळं सोडलं होतं.

त्यांची मुलगी ओनुई हिला सतरावं लागलं होतं. गेल्या वर्षापर्यंत गिऱ्हाईक आलं की ती आईच्या मागे लपायची. या वर्षी अचानक कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखी तिची जीभ सुटली होती. कुठला नट कुठल्या वेषात शोभतो, कुणाची भुवई चित्रकाराने फुकटची उंच केली आहे, हे ती असं काही ठणकावून सांगायची की एक चित्र घ्यायला आलेली बाई तीन घेऊन जायची. आणि रांजिरोचा विषय निघाला तर विचारूच नका. ओनुईच्या कपाटाच्या दाराला आतून रांजिरोच रांजिरो चिकटवलेला होता. सेनापती रांजिरो, दरोडेखोर रांजिरो, पाण्यातून वर येणारं भूत रांजिरो. लांब हनुवटी, डावा डोळा किंचित झोपाळू. बाबा म्हणायचे की माल विकायचा असतो, जेवायचा नसतो. ओनुई ऐकायची नाही.

तर एके दुपारी बाबांनी तिच्या हातात पीचची टोपली दिली.

“आजाऱ्याला बघायला जाताना रिकाम्या हाताने जायचं नाही,” ते म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आणि रिकाम्या डोळ्यांनी परत यायचं नाही.”

ओनुईला काय सांगितलं ते कळलं. तिला त्यात काही वाईट वाटलं नाही, उलट एवढं नाजूक काम बाबांनी आपल्याला दिलं म्हणून ती मान ताठ करून निघाली.

रांजिरोचं घर नाटकांच्या पेठेच्या मागच्या गल्लीत होतं. दार उघडलं ओतोसेने. ही त्या घरची जुनी कामवाली. रांजिरो पोरवयात छोट्या छोट्या भूमिका करायचा तेव्हापासून त्याचे मोजे, त्याची औषधं, त्याचे रुसवे, सगळं तिच्याकडे. गल्लीतली निम्मी पोरं तिला मावशी म्हणायची आणि ओनुईही म्हणायची. मालकीणबाई देवळात गेल्या होत्या आणि कुणालाही आत घ्यायचं नाही असा त्यांचा सक्त हुकूम होता. पण पोरगी घामाघूम होऊन दारात उभी, हातात पीच. ओतोसेला राहवलं नाही.

“बस इथे पायरीवर,” ती म्हणाली. “जवाचा गार चहा आणते. पण आत पाऊल टाकू नकोस हं बयो. मालकीणबाई मला कच्ची खातील.”

ओतोसे स्वयंपाकघरात गेली आणि ओनुई बसली. अगदी शहाण्या मुलीसारखी बसली. मग आतून उदबत्तीचा वास आला.

तिने सपाता काढून हातात घेतल्या. फक्त एकदा चेहरा बघायचा आणि परत यायचं, असं तिने स्वतःला सांगितलं. चटयांवरून पाय न वाजवता ती एक खोली ओलांडून गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या खोलीचं सरकतं दार बोटभर उघडं होतं त्याला डोळा लावला.

आत घडीचा पडदा उभा होता आणि तो उलटा होता. त्यावरचे दोन सारस डोक्यावर उभे होते, पाय वर आभाळात. पाइनचं झाड मुळांनी लोंबकळत होतं. पडद्याच्या आड अंथरूण, उशी उत्तरेला, आणि उशीवरच्या तोंडावर पांढरं फडकं. उलटा पडदा, उत्तरेला डोकं, तोंडावर फडकं. एवढं बघितल्यावर एदोतल्या शेंबड्या पोरालाही वेगळं काही सांगावं लागत नाही.

ओनुईच्या छातीत काहीतरी एकदम उसळलं. ते रडू असायला हवं होतं. कपाटाच्या दाराला आतून ज्याला चिकटवलं होतं, तो माणूस समोर गेलेला होता. पण ते रडू नव्हतं. आपण पहिले, असं ते होतं. अख्ख्या एदोत आपण पहिले.

ती सपाता हातात घेऊन अनवाणीच पळत सुटली.

दुकानात पोचली तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. बाबांनी तिला आत ओढलं, दार लावलं आणि बारीक चौकशी केली. पडदा उलटा होता ना? होता. उशी? उत्तरेला. दारावर सुतकाची पाटी का नाही मग? त्याचं उत्तर बाबांनी स्वतःच देऊन टाकलं. उन्हाळ्याचं नाटक तोंडावर आलेलं, नाटकगृहाचा मालक बातमी दाबणारच. तरी ते क्षणभर थांबले. रताळ्यांनी पोळलेला माणूस होता तो.

“रडण्याचा आवाज येत होता का गं?” त्यांनी विचारलं.

आवाज कसलाच येत नव्हता. स्वयंपाकघरात ओतोसेमावशी पेला विसळत होती, तेवढाच काय तो. पण बाबा असे टक लावून बघत होते, आणि एवढी सोन्यासारखी बातमी एका आवाजावाचून अडून राहिली होती.

“येत होता ना,” ओनुई म्हणाली. “मालकीणबाई हुंदके देत होत्या.”

झालं. चिकुगा चित्रकाराला जेवणावरून उठवून आणलं. ओनुईने त्याच्या शेजारी बसून सांगितलं आणि त्याने काढलं. निळा पोशाख, जपमाळ, लांब हनुवटी. मागे नुसती रिकामी जागा नको, पडदा काढा, असं तिनेच सुचवलं. उलटे सारस, लोंबकळतं झाड, सगळं तिच्या डोळ्यांतून कागदावर उतरलं. चिकुगा म्हणाला की पोरीचा डोळा भलताच चांगला आहे, आणि ओनुई सुखावली. ठसे कोरायला मातागोरो बसला. कपाळावरचा केसन् केस सुटा कोरणारा त्याच्यासारखा माणूस पेठेत दुसरा नव्हता. परवान्याच्या शिक्क्यासाठी थांबायला वेळ कुणाला होता? माणूस गेल्यावर देऊळ त्याला जे मरणोत्तर नाव देतं, ते विचारून आणायला हवं होतं, तेही बाबांनी स्वतःच्या डोक्याने रचलं, आणि चांगलं भारदस्त रचलं.

दुसऱ्या दिवशी चित्र दुकानाबाहेर लटकलं आणि गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका चित्र छातीशी धरून रडत होत्या. तोफूवाल्याची बायको ओकिवा तर अशी हमसून रडली की तिला बसायला पाट द्यावा लागला. ओनुई सगळ्यांच्या मधोमध उभी होती. तीही रडली आणि मनापासून रडली, पण रडतानाही पुढच्या बाईला चित्र द्यायला तिचा हात चुकत नव्हता.

त्याच गर्दीत एक डोली येऊन थांबली.

भोयांनी दांडा खाली ठेवला, डोलीची चटई वर झाली आणि आतून आधी एक लांब हनुवटी बाहेर आली. मग सगळा माणूस. किंचित वाळलेला, पण दोन पायांवर धडधाकट उभा. गर्दी अशी काही फाटली की दुकानापर्यंत सरळ वाट झाली. ओकिवा पाटावरून घसरून जमिनीवर बसली.

“एक द्या,” मिनासे रांजिरो म्हणाला.

सोहेईशेठनी एक चित्र पुढे केलं. रांजिरोने ते लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

“केस सुरेख कोरलेत,” तो म्हणाला. “नाक थोडं लहान केलंत, त्याबद्दल आभार. माझं मरणोत्तर नाव कुणी ठेवलं? मला आवडलं. देवळाला कळवून टाका, म्हणजे पुढे त्यांचा घोळ नको.”

कुणीतरी हसलं आणि मग सगळी गल्ली हसू लागली. माणूस जिवंत होता. येत्या नाटकात त्याला प्रेताचं काम होतं. अख्खा पहिला अंक नुसतं पडून राहायचं आणि दुसऱ्या अंकात उठायचं. दुखण्यातून उठल्यापासून तो घरी त्याचीच चोरून तालीम करत होता. त्याचं म्हणणं असं की पडदा सरळ, उशी दक्षिणेला आणि उदबत्तीचा वास नाही, अशा ठिकाणी कुठल्या स्वाभिमानी माणसाला मेल्यासारखं वाटेल? बायकोला हा अपशकून खपला नसता, म्हणून ती देवळात गेली की हा मरायचा.

हे सगळं तो हसत हसत सांगत होता. मग त्याची नजर चित्रातल्या पडद्यावर गेली आणि हसू हळूहळू उतरलं.

“हे सारस माझे आहेत,” तो म्हणाला. “हा पडदा तिसऱ्या खोलीतून कधी बाहेर आलेला नाही. कुणी पाहिला?”

ओनुई बाबांच्या मागे उभी होती, जिथे ती गेल्या वर्षी लपायची तिथेच. बाबांना आता थोडा धीर आला होता आणि गिऱ्हाइकांसमोर त्यांना तोंडघशी पडायचं नव्हतं.

“आमचीही माणसं असतात, मालक,” ते म्हणाले. “घराघरांत असतात.”

रांजिरोने मान हलवली. त्या घरात त्या दुपारी त्याच्याशिवाय कोण होतं, हे त्याला शोधावं लागणार नव्हतं. तो डोलीत बसला. ओनुईने तोंड उघडलं असतं तर तेव्हाच उघडायला हवं होतं. चटई खाली पडली, भोयांनी दांडा उचलला, आणि तिने तोंड उघडलं नाही.

ओतोसेला घरातून काढून टाकल्याची बातमी ओकिवानेच आणली, तोफूच्या टोपल्यासकट. मालकीणबाईंनी तिला अंगणात उभं करून विचारलं होतं. ओतोसेने खरं ते सांगितलं, की मोमिजी-याची पोर पीच घेऊन आली होती, पण मी तिला बाहेर पायरीवर बसवलं. मालकीणबाई म्हणाल्या, मग पायरीवरून तिची मान तीन खोल्या लांब झाली काय? एवढ्या वर्षांत मालकाचं काय काय विकलंस तेवढं एकदाच सांगून टाक. त्यावर ओतोसेने आपलं गाठोडं बांधलं आणि ती सेंजूला भावजयीकडे निघून गेली.

“चेहऱ्यावरून वाटली नाही हो तशी,” ओकिवा म्हणाली. “पण घरातलंच माणूस असं निघालं तर करायचं काय?”

ओनुईच्या हातात चित्रांचा गठ्ठा होता. तिने तो सारखा केला, पुन्हा सारखा केला. कडा जुळेचनात.

त्यानंतर गंमत अशी झाली की कुणाचंच काही बिघडलं नाही. दुकानदारांच्या पंचांनी बाबांना बोलावून चार शब्द सुनावले आणि उरलेली चित्रं जमा करायला लावली. लगेच ज्यांच्याकडे ती होती ते भाव खाऊ लागले. मेलेल्या माणसाला चालताना बघायला तामा नाटकगृहावर लोक पहाटेपासून रांगा लावू लागले. रांजिरो दुसऱ्या अंकात उठून बसला की मिनासे-या, मिनासे-या असा त्याच्या घराण्याच्या नावाचा जो गजर व्हायचा तो नदीपलीकडे ऐकू जायचा. बाबा तर म्हणू लागले की आपण त्याचं भलंच केलं.

फक्त ओनुईला जेवण जाईना. आणि सारस तिची पाठ सोडीनात. एदोत जिकडेतिकडे सारस. भाताच्या वाडग्यावर, शेजारणीच्या कमरपट्ट्यावर, मिठाईवाल्याच्या दाराच्या पडद्यावर. सगळे आपले सरळ उभे, आणि तिला ते सगळे चुकीचे वाटत. आपण आत डोकावलो, हे कदाचित कुणीही केलं असतं. पण हुंदके? ते तर तिथे नव्हतेच. ते तिने घरी येऊन घडवले होते, मातागोरोने केस कोरावेत तसे सुबक.

शेवटी ती नाटकगृहाच्या मागच्या दाराने रंगपटात गेली. रांजिरो आरशासमोर बसून गळ्याला पांढरा रंग लावत होता. ओनुईने सगळं सांगितलं. पायरी, सपाता, तिसरी खोली. ओतोसेमावशीने एक शब्द विकला नाही, मीच चोरून पाहिलं. तिला वाटलं होतं तो ओरडेल. तो हसायला लागला, इतका की रंग तडकला. तूच का ती, तो म्हणाला, अगं तुझ्यामुळे तर नाटकगृह भरतंय. त्याने तिला एक गोड पोळी खायला दिली आणि आज घरी गेल्यावर बायकोला सांगतो, ओतोसेला बोलावून घेतो, असं वचन दिलं. नाहीतरी त्याला मोजे सापडत नव्हते.

त्या दिवशी ओनुई पोटभर जेवली.

पण ओतोसे आली नाही. ओनुई रोज त्या गल्लीवरून जायची आणि दाराशी कुणी भलतीच पोरगी झाडत असायची. पुन्हा रंगपटात गेली तेव्हा रांजिरो म्हणाला, “अरे हो की. विसरलोच.” आणि डोळ्याला काजळाची रेघ ओढू लागला. ती रेघ किती सुंदर ओढतो हा, असं ओनुईच्या मनात आलंच, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. हा माणूस वाईट नव्हता. त्याला सगळ्यांचं रडणं-हसणं रंगमंचावर करावं लागायचं, घरचं त्याच्या लक्षात राहायचं नाही. आणि आपण आपलं ओझं अशा माणसाच्या हातात देऊन पोळी खात बसलो.

दुसऱ्या दिवशी ती सेंजूला चालत गेली.

भाजीबाजाराच्या मागे एका पडवीत ओतोसे बसली होती. समोर लांब पातीच्या कांद्यांचा ढीग. एकेक कांदा घ्यायचा, वरची माती लागलेली साल ओढून काढायची, मुळ्या कापायच्या, जुडी बांधायची. तिने वर बघितलं, ओळखलं, आणि पुढचा कांदा घेतला.

ओनुई पडवीखाली मातीतच गुडघे टेकून बसली. येताना तिने वाटभर वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही कामाचं वाटेना. तिने मान खाली घालून सांगितलं की मी आत गेले होते. मावशी, मी तुझं ऐकलं नाही. आणि मालकांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले.

“ते मला ठाऊक आहे,” ओतोसे म्हणाली.

“तुला कसं…”

“स्वयंपाकघराला खिडकी आहे. चहाचा पेला हातात होता माझ्या. तू अंगणातून पळालीस, सपाता हातात.” तिने कांद्याची साल ओढली. “मला वाटलं पोरगी घाबरली. मग तुझं तोंड दिसलं. तू हसत होतीस.”

ओनुईला वाटलं, ही जमीन दुभंगली तर बरं.

“त्याला बघून आलीस ना? म्हणजे गेलाय असं समजूनच आलीस. मी आत होते, पाच पावलांवर. मावशी काय झालं, असं विचारायला काय झालं होतं तुला? मी तुला आधी जवळ घेतलं असतं. मग सांगितलं असतं, अगं वेडे, तो मेला नाही, त्याला हा चाळा आहे.” ओतोसेचा आवाज चढला नव्हता. “चहा आणून ठेवला तर पायरीवर नुसते पीच.”

ओनुई रडू लागली. ओतोसेने तिला रडू दिलं. गप्प हो असंही म्हणाली नाही आणि बाहीचं टोकही पुढे केलं नाही. ती कांदे साफ करत राहिली. थोड्या वेळाने ओनुईने डोळे पुसले आणि ढिगातला एक कांदा घेतला. ओतोसेने तिच्या हातातून तो काढून घेतला.

“माझ्या कामात हात घालून बरं वाटून घेऊ नकोस,” ती म्हणाली. “तुला वाटतं मला ती नोकरी हवीय? इथे मला उपाशी ठेवत नाहीत. पण त्या गल्लीत माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि आज विहिरीवरच्या बायका म्हणतात की ओतोसेने मालकाचं मरण विकलं. तू इथे येऊन माझ्या कानात सांगतेस. माझ्या कानाला ते माहीत होतं.”

ओनुईला समजलं. विहीर म्हणजे ओकिवा. विहीर म्हणजे सगळी गिऱ्हाइकं. विहिरीवर सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत बाबांच्या कानावर जाणार, आणि दुकानात उभं राहून ठणकावून बोलणारी ओनुई संपली. तिला वाटलं, उद्या जाऊ, नीट तयारी करून. मग तिच्या लक्षात आलं की हे ‘उद्या’ म्हणजे रांजिरोचं ‘विसरलोच’ आहे.

“चल मावशी,” ती म्हणाली. “आत्ताच जाऊ.”

ओतोसेने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग हात झटकले, कांद्याची एक जुडी काखेत मारली आणि उठली.

विहिरीपाशी तांदूळ धुण्याची वेळ होती, म्हणजे बायका सगळ्याच होत्या. ओतोसेला बघून बोलणं थांबलं. एकीने उगाच पोहरा सोडला. ओनुई विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली आणि तिचा तो नवा, मोठा आवाज कुठेतरी पळून गेलाय असं तिला आढळलं. जो उरला होता त्याच आवाजात ती बोलली.

ती म्हणाली की मिनासे-यांच्या घरातली बातमी ओतोसेमावशीने विकली नाही. मावशीने मला पायरीवर बसवलं आणि आत जाऊ नको म्हणून बजावलं. मी चोरासारखी आत गेले, पडदा पाहिला, कुणाला काही न विचारता पळाले. चित्रात पडदा काढायला मीच लावला.

“आणि आत कुणी रडत नव्हतं,” ती म्हणाली. “बाबांनी विचारलं, रडण्याचा आवाज आला का. मी हो म्हटलं. ते खोटं होतं. मला पहिलं व्हायचं होतं.”

मग ओकिवाने तांदळाचं टोपलं खाली ठेवलं.

“मी तुझ्या त्या चित्रापुढे भात ठेवला,” ती म्हणाली. “वाफाळता. माझ्या नवऱ्याला ताटात शिळा आणि तुझ्या कागदाला गरम. आणि या बाईला मी आठ दिवस नावं ठेवली, तुझ्या दुकानात उभी राहून. तेव्हा तू काय करत होतीस? गठ्ठा सारखा करत होतीस.”

काही बायका हसल्या. ते हसणं ओनुईच्या अंगावर ओल्या फडक्यासारखं पडलं. एक म्हणाली, यापुढे मोमिजी-यातलं चित्र घेताना आधी नाडी बघून घ्यायला हवी. ओकिवा ओतोसेकडे वळली. मग तिने सोबतच्या तोफूच्या टोपलीतला सगळ्यात मोठा तोफू पानावर काढून ओतोसेच्या हातात दिला.

विहिरीला लागूनच रांजिरोच्या घराचं मागचं दार होतं, ते वाजलं. मालकीणबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. त्यांचा चेहरा कडक होता आणि तो मऊ कसा करायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं. त्या ओतोसेच्या काखेतल्या जुडीकडे बघत राहिल्या.

“कांदे आणलेस ते बरं झालं,” अखेर त्या म्हणाल्या. “त्या नव्या पोरीला साधं सार जमत नाही. आणि यांचे मोजे कुठे असतात ते एकदा मला सांग.”

“खालच्या खणात,” ओतोसे म्हणाली. “नेहमी असतात तिथेच.”

ती ओनुईकडे न बघता दारातून आत गेली. बायका पांगल्या. ओनुई निघावं की थांबावं हे न कळून तशीच उभी राहिली. आता घरी जायचं होतं. बाबांना हे कळण्याआधी आपणच सांगायचं होतं, आणि हुंदक्यांचं त्यांना कसं सांगायचं हे तिला सुचत नव्हतं. ओतोसेची नोकरी परत मिळाली होती, पण ओनुईचं हलकं काही झालं नव्हतं. मागच्या वेळी गोड पोळीने झालं होतं तसं तर मुळीच नाही.

ती वळणार तेवढ्यात मागचं दार पुन्हा उघडलं. ओतोसे हातात पेला घेऊन उभी होती.

“जवाचा आहे,” ती म्हणाली. “मागचा मी फेकून दिला. हा पिऊन जा. बसून पी, आणि संपल्याशिवाय उठू नकोस.”

ओनुई पायरीवर बसली. चहा चांगला गार होता. तरी एकेक घोट घशाखाली उतरायला वेळ लागत होता, आणि पेला रिकामा होईपर्यंत ओतोसे तिच्यासमोर उभी होती, हात बांधून, तिच्या तोंडाकडे बघत.